धाव, वर्म आणि झीज

मराठीत ‘झिजणे’ हे क्रियापद मोठ्या सन्मानाने वावरते. चंदन झिजते, कचेऱ्यांचे उंबरठे झिजतात, निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांनी संस्थेसाठी देह झिजविल्याचे निरोपसमारंभात सांगितले जाते, आणि गावाकडच्या कुठल्याही थोरल्या भावाविषयी बोलताना तो घरासाठी झिजला असे म्हटल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. मात्र नेमके काय झिजले, किती झिजले आणि कशाने झिजले, हे विचारण्याची पद्धत नाही. तसे विचारणे अशिष्टच वाटेल. हे तिन्ही प्रश्न रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत विचारणारा एक वर्ग आपल्याकडे आहे, पण तो साहित्यसंमेलनांना येत नाही. तो गॅरेजमध्ये, गाडीखाली गोणपाट अंथरून उताणा पडलेला असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात एका जुन्या पिकअपच्या निमित्ताने आमचा या वर्गाच्या भाषेशी थोडा परिचय झाला.

आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकविणारे पतिपत्नी. पिकअप आमची नव्हे. ती आजऱ्याजवळच्या आमच्या घरची, म्हणजे दादांची. दादा हे आमच्यातील एकाचे सख्खे थोरले बंधू आणि दुसरीचे भाऊजी. गावात मात्र त्यांना लहानथोर सगळेच दादा म्हणतात. गाडी २००९ सालची. पुढे सलग कणा, त्याखाली पाटे, आणि पॉवर स्टिअरिंग नाही. उन्हाळ्यात काजू-बी, दिवाळीनंतर घनसाळ तांदूळ, आणि एरवी मिळेल ते भाडे: गडहिंग्लजच्या बाजारातली मिरची, कुणाच्या घराचे चिरे, कुणाच्या लग्नाच्या मांडवाचे सामान. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला महिन्याकाठी पाच-सहा फेऱ्या होतात. आमच्या ग्रामीण कथेत बैलगाडीला जेवढी जागा मिळाली तेवढी या पिकअपला, निदान आमच्या वाचनात, मिळालेली नाही. वास्तविक आज गावाचा संसार तिच्याच पाठीवर चालतो. असो.

दादांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पाहण्याच्या विभागात होता. २०२० च्या टाळेबंदीत तो गावी आला आणि मग परत गेला नाही. परत का गेला नाही, हे घरात कुणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. दोन वर्षे तो घरातल्या पाहुण्यासारखा वावरला. मग हळूहळू भाडी तो ठरवू लागला, हिशेब ठेवू लागला, आणि २०२३ च्या डिसेंबरात स्वतःच्या हिश्शाच्या पैशांतून त्याने कोल्हापुरातून चार जुने, पण नक्षी शाबूत असलेले मोठे टायर आणि त्यांच्या रुंद रिमा आणल्या. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा तिचा रुबाब खरोखरच पाहण्यासारखा होता. आमच्या आठवणीप्रमाणे, पुण्याहून आल्यानंतर त्या घरात त्याने ‘माझे’ म्हणून दाखविलेली ती पहिली वस्तू. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर हे लक्षात ठेवावे लागेल.

आता थोडे गणित. आम्हा भाषेच्या लोकांना गणिताचे भय असते, पण हे गणित पाचवीचे आहे. गाडीचा मूळ टायर २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर, आणि आतली रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमेत वरची आणि खालची बाजू मिळवली की चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर होतो. नवा टायर ३१ इंच व्यासाचा आणि साडेदहा इंच रुंदीचा, म्हणजे ७८७ आणि २६७ मिलिमीटरचा. व्यास ८४ मिलिमीटरने वाढला. पण जमिनीपासून गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे ४२ मिलिमीटर. चार बोटेही नव्हे. एवढ्यासाठी व्यास बारा टक्क्यांनी वाढला, आणि हे बारा टक्के गाडीच्या प्रत्येक हिशेबात शिरले. गतिमापक साठ दाखवी तेव्हा गाडी सदुसष्टने पळत होती. ब्रेकचा जोर तोच राहिला, पण लांबलेल्या त्रिज्येमुळे रस्त्यापर्यंत तो दहा-अकरा टक्क्यांनी कमी पोहोचू लागला. चढावर दुसऱ्या गिअरात निघणारी गाडी पहिला मागू लागली. पुतण्याच्या वहीत लिटरमागचे किलोमीटर चौदावरून साडेअकरावर आले आणि त्याने पंपवाल्यावर संशय घेतला. वास्तविक अंतर मोजणारा आकडाच आता कमी मोजत होता. दुरुस्ती करून पाहिले तर खरा आकडा तेराच्या किंचित खाली भरतो. म्हणजे घट होती, पण निम्मीच. बाकीची निम्मी मापाच्या भाषेत होती.

मोठे चाक हे मुळातच वाईट, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. भाताच्या चिखलात, जांभ्याच्या उखडलेल्या वाटेवर ते चार बोटेही उपयोगी पडतात. तिकडे आइसलँडमध्ये बर्फाच्या पठारांवरून जाण्यासाठी पिकअपला ३८ इंची चाके बसवितात आणि त्यांतली हवा इतकी कमी करतात की चाक बर्फावर जणू अंग पसरून बसते. पण तिथे चाकासाठी आधी वरचे पत्रे कापतात, गिअरचे प्रमाण बदलतात, चाकाखालचे आणि स्टिअरिंगचे भागही त्या बेताने तपासून घेतात. चाक हा त्या बदलाचा शेवटचा शब्द असतो. आमच्या अंगणात तो पहिला होता आणि त्याच्यामागून काही आलेच नाही.

स्टिअरिंगचे जे झाले ते समजण्यासाठी त्याचा अन्वय लावून पाहावा लागतो. ड्रायव्हर चक्र फिरवितो. ते फिरणे एका दांड्यातून स्टिअरिंग बॉक्समध्ये उतरते. तिथून ड्रॉप आर्म नावाचा एक हात हलतो, तो ड्रॅग लिंक ढकलतो, ती एका चाकाला वळविते आणि टायरॉड दुसऱ्या चाकाला सोबत नेतो. या प्रत्येक जोडणीपाशी एक बॉल जॉइंट असतो: वाटीत बसविलेला गोळा, भोवती ग्रीस, वर रबरी टोपी. अंगठ्याएवढा भाग. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा चाकामार्फत याच गोळ्यांशी बोलतो. चाक जड झाले की हे बोलणे चढ्या आवाजात होते. आमच्या घरच्या पोत्यांच्या काट्यावर जुने चाक चोवीस किलो भरले आणि नवे तेहतीस. शिवाय नव्या रिमा प्रत्येक बाजूला सुमारे चार सेंटिमीटर बाहेर आलेल्या. चाक ज्या आसाभोवती वळते त्या आसापासून टायर जमिनीला टेकतो ती जागा जितकी दूर, तितकी खड्ड्याची तरफ लांब. तरफ लांबली, चाक जडावले, टायरचा जमिनीवरचा तळवा रुंदावला. पण या सगळ्यांना आवर घालणारे गोळे मात्र २००९ सालच्या मापाचेच राहिले. त्यात गाडी उभी असताना चक्र फिरवायची सवय. उभ्या गाडीचे रुंद टायर जागच्या जागी घासत वळविताना त्या सांध्यांवर जो पीळ पडतो, तो चालत्या गाडीत पडत नाही.

इथे एक शब्द आठवतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. जी धावते ती धाव. इतका नेमका शब्द क्वचित सापडतो. इंग्रजीतल्या ‘टायर’ची कुळकथा वेगळी आहे: तो ‘अटायर’चा, म्हणजे पोशाखाचा, संक्षेप. टायर म्हणजे चाकाला नेसविलेले वस्त्र. मराठीने त्या वस्तूचे काम पाहिले, इंग्रजीने तिचे दिसणे पाहिले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे, कारण शब्दांच्या कुळकथांवरून समाजांचे स्वभाव ठरविण्याचा उद्योग आपल्याकडे पुरेसा झालेला आहे. पण धाव बसविण्याची रीत सांगण्यासारखी आहे. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवितात. तापून ती फुगते, तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर घालतात आणि घणाने ठोकून लगेच पाणी ओततात. निवताना ती आवळते आणि आरे, तुंबा, पुठ्ठे या सगळ्यांना एकमेकांत घट्ट बसविते. म्हणजे बाहेरचे कडे आतल्या सांध्यांना धरून ठेवण्यासाठी असते, आणि त्यासाठी ते लहान असावे लागते. आमच्या लहानपणी गावात सुताराच्या अंगणापुढे हा सोहळा चाले. दादा तेव्हा पाण्याच्या बादल्या आणून देत.

दादांचा खांदा दुखू लागल्याचे आम्हाला त्यांच्याकडून कळले नाही. ते सांगणाऱ्यांतले नव्हेत. मेच्या मध्यावर आम्ही गावी गेलो तेव्हा वहिनी रात्रीच्या जेवणानंतर खोबरेल तेल कोमट करून त्यांच्या उजव्या खांद्याला लावीत होत्या. आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “बेंदूर महिन्यावर हाय, खरं आमच्यात खांदेमळणी रोजचीच.” बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळतात, ती ही खांदेमळणी. दादा हसले. आम्हीही हसलो. पण विनोद वहिनींचा होता आणि तो बरोबर जागी बसला होता, कारण दादांनी लगेच विषय काजूच्या दराकडे वळविला. डॉक्टरांनी वयाचे दुखणे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. दादा बासष्टचे, निदान चुकीचे म्हणता येणार नाही. फक्त ते अपुरे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर गाडीत बसून गडहिंग्लजला गेलो. पन्नासच्या वर वेग गेला की चक्र त्यांच्या हातात थरथरे, प्रत्येक खड्ड्याला मनगटाला झटका बसे, आणि सरळ रस्त्यावरही ते सारखे डावी-उजवी करीत गाडी ओळीत ठेवीत. चक्राला ‘प्ले’ आला होता. प्ले म्हणजे चक्र फिरते पण चाक फिरत नाही, असे मधले रिकामे अंतर. त्यांनी टायरविषयी चकार शब्द काढला नाही. टायर मुलाचे होते.

मुलाने मात्र हा प्ले पाहिलेला होता आणि तो घालविण्याचा उपायही केला होता. स्टिअरिंग बॉक्समध्ये आटे पाडलेला एक दंड असतो, त्याला वर्म म्हणतात. इंग्रजी किड्यासाठीचा हा शब्द आणि मराठीतले ‘वर्म’ यांचा मेळ हा निव्वळ योगायोग आहे, पण मिस्त्री जेव्हा ‘वर्म गेलंय’ म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ लागू पडतात. बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की दाते एकमेकांना अधिक भिडतात आणि प्ले कमी होतो. एका व्हिडिओत पाहून पुतण्याने तो अर्धा फेरा आवळला, आणि पहिले दोन दिवस चक्र खरेच घट्ट वाटले. अडचण अशी की गाडी आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ सरळ चालते. त्यामुळे वर्म मधल्या भागात झिजते आणि दोन्ही टोकांना जवळपास कोरे राहते. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला तर टोकांना दाते अडकू लागतात. म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते आणि पुरत्या वळणावर दगा देते. आणि आंबोलीचा घाट म्हणजे वळणेच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात काजू-बी भरून दादा घाट उतरत होते. शेजारी पुतण्या. एका पूर्ण उजव्या वळणावर चक्र फिरले आणि परत आलेच नाही. एरवी वळण संपले की चक्र आपोआप सरळ होते, हात नुसता सैल सोडावा लागतो. या वेळी ते धरून ठेवल्यासारखे तिथेच राहिले. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेकडे निघाली, खालून एस.टी. चढत होती. दादांनी दोन्ही हातांनी, त्या दुखऱ्या खांद्यासकट, चक्र ओढून आणले. एस.टी.च्या चालकाने करकचून ब्रेक मारला. पिकअप आपल्या बाजूच्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कुणाला काही झाले नाही. एस.टी.चा चालक खाली उतरून जे बोलला ते सगळे पुतण्याने आम्हाला फोनवर जसेच्या तसे सांगितले, आणि मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “काका, दादा कायच बोललं न्हाईत. नुसतं उतरून टायरला पाय लावून बघितलं.”

त्याच रात्री वहिनींचा फोन आला. “तुम्ही दोघं शिकल्याली. पोराला चार शब्द सांगा.” चार शब्द सांगणे हा आमचा व्यवसायच आहे, पण या ठिकाणी आमच्या शब्दांचे वजन किती, हेही आम्ही जाणून होतो. प्रश्न टायरांचा असता तर सोपा होता. बापाने ‘काढ’ म्हटले तर मुलाने दोन-तीन वर्षांनी घरात ठेवलेले पाऊल मागे जाणार. बापाने न म्हटले तर पुढच्या फेरीत काय होईल, ते कुणी सांगावे? दोघेही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्याचा भार घाटातल्या एका वळणावर येऊन पडला होता. आम्ही उपदेश टाळला. येत्या रविवारी गाडी रिकामी करून, हळू चालवीत, गडहिंग्लजला आणा, एवढेच सांगितले. तिथले एक मिस्त्री आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आहेत.

मिस्त्रींनी आधी टायरांकडे पाहिलेच नाही. पुढचा कणा जॅकवर उचलला, चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलविले. मग वर-खाली धरून हलविले. “आडवं हाललं तर टायरॉड न्हाईतर ड्रॅग लिंक, उभं हाललं तर किंग पिन न्हाईतर बेरिंग. दोनीकडं हाललं तर माणूस नशीबवान.” आमची गाडी आडवी पुष्कळ आणि उभी थोडी हलत होती. मग त्यांनी टायरच्या नक्षीवरून तळहात फिरविला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. आम्हालाही फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे. पुढची दोन्ही चाके एकमेकांशी समांतर नाहीत, थोडी फेंगडी चालून टायर रस्त्यावर तिरपा घासतो आहे, याची ही खूण.

वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, नाहीतर एक चाक फरपटते, ही गोष्ट घोडागाड्यांच्या काळातच उमगली होती. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडी बनविणाऱ्याने १८१७ साली त्यासाठी युक्ती काढली आणि १८१८ साली तिचे इंग्लंडमधले पेटंट त्याच्या वतीने रुडॉल्फ अकरमन याने घेतले. हा अकरमन लंडनमधला सचित्र पुस्तकांचा नामांकित प्रकाशक. आजही जगभर ही रचना अकरमनच्या नावाने ओळखली जाते. जिने डोके चालविले त्या माणसाचे नाव अभियंत्यांनाही सहसा ठाऊक नसते. लेखक विसरला जावा आणि प्रकाशक उरावा, याचे इतके शुद्ध उदाहरण साहित्याच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

मग मिस्त्रींनी चाके जमिनीवर टेकविली. दादांना आत बसवून चक्र दोन्ही बाजूंना थोडे थोडे, हलकेच फिरवायला सांगितले. आणि पुतण्याला म्हणाले, “तू जा खाली. एकेका सांध्यावर आंगठा ठेव.” तो गोणपाटावर उताणा होऊन गाडीखाली सरकला. वर दादांचा हात चक्र हलवीत होता आणि खाली मुलाचा अंगठा त्याच हालचालीचा माग काढीत होता. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. बराच वेळ नुसते टक, टक, टक एवढेच ऐकू येत होते. मग खालून आवाज आला, “ड्रॅग लिंकला दोन मिलिमीटर हाय. तीन न्हाई, दोनच. टायरॉडच्या डाव्या टोकाला एक-दीड. उजव्याची टोपी फाटल्याय, आत लाल माती हाय.” मिस्त्री आमच्याकडे बघून काही बोलले नाहीत, पण त्यांच्या भुवया वर गेल्या. चाकणला तो मुलगा मोजमापांच्या विभागात होता, हे आम्ही इतक्या दिवसांत केवळ माहिती म्हणून बाळगले होते. त्याच्या अंगठ्यात ते अजून होते.

टोपी फाटली की ग्रीसमध्ये धूळ मिसळते, आणि आमच्याकडची जांभ्याची धूळ मिसळलेले ग्रीस म्हणजे घासण्याची पेस्टच. वंगणच खाऊ लागते. स्क्रूविषयी पुतण्याने आपण होऊन विचारले. मिस्त्री म्हणाले, “स्क्रू आवळला की प्ले जातोय, खरं गेल्यालं लोखंड परत येत न्हाई.” वाचकांपैकी जे कोल्हापूरकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे की आमच्या भागात ‘पण’ या अर्थी ‘खरं’ म्हणतात. वहिनींच्या वाक्यातही ते आले आहे. ‘पण’ म्हणताना आपण समोरच्याचे म्हणणे अडवितो. ‘खरं’ म्हणताना ते मान्य करून पुढे जातो असे, निदान कानाला, वाटते. त्या दुपारी त्या एका अव्ययाने पुष्कळ काम केले.

‘सांधा’ आणि व्याकरणातला ‘संधी’ हे एकाच कुळातले शब्द आहेत, आणि एका बाबतीत गॅरेज व वर्ग यांच्यात फारसे अंतर नाही. हल्ली आमच्याकडे तपासायला येणाऱ्या प्रबंधिकांत मोठमोठ्या संकल्पना बसविलेल्या असतात: अस्मिता, परिघ, प्रतिरोध, विमर्श. त्या वाईट आहेत असे नव्हे. चिखलातून जायचे तर त्या लागतात. पण वाक्ये जुन्याच कण्यावर चाललेली असतात आणि भार येतो तो ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘यावरून’ या उभयान्वयी अव्ययांवर. तिथे अंगठा ठेवून पाहिले की प्ले लागतो. आधीचे विधान फिरते आणि पुढचे फिरत नाही. मार्गदर्शकही बहुधा स्क्रू आवळतो. भाषा घट्ट करून देतो. सरळ रस्त्यावर, म्हणजे तोंडी परीक्षेत, ते चालून जाते.

स्टिअरिंगला डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा दांडा, बसवावा का, हे पुतण्याने विचारले. मिस्त्रींचे म्हणणे असे की सांधे नीट असतील तर डॅम्पर उपयोगी. सांधे गेलेले असताना तो फक्त बातमी दाबतो. थरथर हातापर्यंत पोहोचली पाहिजे, नाहीतर कळणार कसे. टायर काढ, असे मात्र त्यांनी सांगितलेच नाही. उलट हिशेब मांडला: हीच चाके ठेवायची तर रिमा आतल्या घ्याव्या लागतील, सांधे दर सहा महिन्यांनी पाहावे लागतील, बॉक्स आज ना उद्या बदलावा लागेल. मग कायद्याची बाजू निघाली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेला निकाल यांनुसार निर्मात्याने नोंदविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही; आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न चाकांविषयीच विचारील. पुतण्याला ते ठाऊक होते. वार्षिक पासिंगच्या दिवशी लावायला म्हणून जुनी चारही चाके त्याने गोठ्यामागे झाकून ठेवली होती, हे तिथेच कळले. ती ठेवली होती म्हणून पुढचे सोपे झाले, हेही खरे.

दादा एवढा वेळ बाकावर बसून चहा पीत होते. मिस्त्रींनी कामाचा कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो न वाचता मुलाकडे दिला. “तू बघ. गाडीचं तूच बघतोस.” मुलाने कागद वाचला, पेन मागितले आणि ड्रॅग लिंकची दोन, टायरॉडची दोन अशी चारही टोके नवी घालायचे लिहिले. ‘बॉक्स पूर्ववत करून तपासणे’ असे एक कलम त्याने स्वतः वाढविले. मग थोडे थांबून खाली लिहिले: ‘जुनी चाके घरून आणून देतो.’ दादांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, “टायर इकू नगंस लगेच. भाव येऊ दे.” आम्ही दोघे त्या वेळी रस्त्यावरून जाणारी मिरचीची गाडी फार लक्षपूर्वक पाहत होतो.

स्क्रू सैल केल्यावर बॉक्समध्ये थोडा प्ले परत आला. तेवढा राहणारच, असे मिस्त्रींचे मत पडले. बॉक्स अजून बदललेला नाही. खांद्याचे दुखणेही एकदम गेले नाही. वयाचा वाटा वयाकडेच राहिला. पण बेंदरापर्यंत तेलाची वाटी रोजची राहिली नव्हती. दोन मोठे टायर चंदगडकडचा एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीसाठी घेऊन गेला. उरलेले दोन गोठ्यामागे आहेत. त्यांत पावसाचे पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून वहिनींनी त्यांवर कौले रचली आहेत.

जूनमध्ये पुतण्याने आम्हाला पुन्हा फोन करून २३५/७५ या मापाचा हिशेब विचारला. आम्ही तो फोनवरच केला: व्यास सुमारे ७३३, वाढ चार टक्क्यांहून थोडी अधिक, गाडी उचलणार पंधरा मिलिमीटर, रिम आहे तीच चालेल, फक्त नोंदणीतल्या तपशिलाचे आधी विचारून घ्यावे लागेल. पंधरा मिलिमीटर म्हणजे किती, ते तो मनाशी मोजत असावा. पावसाळ्यानंतर बघू, असे म्हणाला. मागून पिकअपचा आवाज येत होता. दादा ती अंगणात वळवून लावीत होते, आणि तो आमच्याशी बोलता बोलता त्यांना ओरडून सांगत होता की आधी जरा पुढे घ्या, उभ्या गाडीत चक्र फिरवू नका.